एकपदरी

मासेवाल्याच्या दुकानात ग्रिझेल कारफ्रे हॅडॉकचा तुकडा कागदात बांधून घेत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. वळून पाहिलं तर एल्मा ऑर्मिस्टन. अंगात काळा कोट, हातात काळे मोजे, आणि नवरा गेल्यापासून चेहऱ्यावर आलेली ती एक नवीच टवटवी. जणू इतक्या वर्षांनी आता कुठे लोक तिचं ऐकून घेत होते. "बरी भेटलीस बाई," एल्मा म्हणाली. "तुला फोन करणारच होते. निनियनच्या थडग्याच्या दगडावर एक शब्द घालायचाय. तुमचा तो जुना शब्द गं. आत एक बाहेर एक असं ज्याच्यात नसतं, त्या माणसाला म्हणायचा. एफॉल्ड! त्याचं स्पेलिंग तेवढं हवंय. घरात ज्याला येत होतं तो गेला. आता तूच." मासेवाल्यानं पुडकं पुढे केलं. ग्रिझेलनं ते घेतलं, पैसे दिले, थंडीबद्दल काहीतरी बोलली. रविवारी चहाला यायचं कबूलही केलं. मग ती बाहेर आली. रस्त्यावर समुद्राकडून आलेलं धुकं उतरलं होतं आणि त्यात दारूच्या भट्ट्यांचा तो शिजलेल्या धान्याचा वास मिसळला होता. एडिंबरात जन्म काढलेल्या माणसाला हा वास येत नाही म्हणतात. तिला त्या दिवशी आला. पुडक्यातलं पाणी मोज्यातून झिरपून बोटांना लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण घराच्या उलट्या दिशेनं चालत आलोय.

एफॉल्ड. हा शब्द तिच्याकडे प्रथम आला तो तळघरातल्या त्या खोलीत, इथल्या जुन्या बोलीच्या शब्दकोशाच्या कचेरीत. ती तरुण होती, नुकतीच लागली होती. गॅसच्या शेगडीनं पोटऱ्या भाजत आणि पाठ गारठलेली राही. भिंतीला लागून खोकी, खोक्यांत चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एकेक वाक्य: कुठल्या तरी जुन्या करारनाम्यातलं, कुणाच्या तरी मृत्युपत्रातलं, नगरसभेच्या कामकाजातलं. शाळेत याच बोलीतलं 'हो' तोंडून निघालं म्हणून मास्तरीणबाईंनी तिच्या तळहातावर चामड्याचा पट्टा ओढला होता. आणि आता तीच बोली निवडायला, टिपायला तिला पगार मिळत होता. आईला याचं हसू येई. "म्हणजे आधी मारून विसरायला लावायचं आणि मग पैसे देऊन आठवायला लावायचं! शिकलेल्यांचं सगळंच उलटं." आईची पाठ तेव्हाच वाकायला लागली होती. अशा वाकलेल्या माणसाला आई स्वतःच म्हणायची, दोन घड्यांचं झालंय. आणि ग्रिझेलला त्या शब्दाची जोड लागली होती ती अशी. दोन घड्यांचं म्हणजे म्हातारपणानं दुमडलेलं. आणि एक घडीचं? ए म्हणजे एक, फॉल्ड म्हणजे घडी, पदर. ज्याला आतला पदर नाही ते. एकपदरी माणूस.

निनियन ऑर्मिस्टन त्या कचेरीचा मुख्य. उंच, किंचित खांद्यात झुकलेला, बोलताना चष्मा काढून हातात धरणारा. सगळ्यांना वाटे, हा आपल्याशीच बोलतोय. त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून तो शब्द लावला. अगदी जुन्या लिहिणाऱ्यांनी त्यात 'एन' ठेवला होता, 'एक' स्पष्ट दिसावा म्हणून. पुढे बोलणाऱ्यांच्या तोंडात तो 'एन' विरघळून गेला. मग कुणी आरंभी नुसता 'ए' लिही, कुणी 'ए'ला 'ई' जोडी, कुणी 'एफ' दोनदा काढी. नंतरच्यांना मध्ये 'यू' ऐकू यायला लागला तेव्हा त्यांनी तो घातला. एका कारकुनानं तर एकाच कागदावर वर एक आणि खाली एक लिहिलं होतं, आणि शब्द होता एकपदरीपणाचा! त्यावर ती हसत सुटली. निनियन चष्मा काढून म्हणाला, "स्पेलिंग हे माणसाच्या तोंडाचं चित्र असतं, मिस कारफ्रे. मनाचं नाही." कोशात मुख्य रूप कोणतं द्यायचं यावरून त्यांचं आठवडाभर भांडण चाललं. त्याला जुनं, नुसत्या 'ए'चं आखूड रूप हवं होतं. ती म्हणत होती, लोकांनी शेवटपर्यंत जे लिहिलं ते द्या, 'एई'वालं, 'यू'वालं. शेवटी एका शुक्रवारी त्यानं तिच्यासमोर कोरा कागद सरकवला. "लिहा तुमचं. तुमचंच खरं." त्या संध्याकाळी ती मेडोजच्या मैदानातून घरी गेली ती जमिनीला पाय न लागता. कुणी त्याला प्रेम म्हटलं असतं तर ती रागावली असती. त्याला एल्मा होती, दोन मुली होत्या, आणि तिला तर त्याचं काहीच नको होतं. त्यानं 'तुमचंच खरं' म्हटलं, एवढं पुरलं होतं. पुरलं होतं हेच आता तिला सोसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला तेव्हाच दिसली होती. हा शब्द प्रेमाच्या गाण्यात फारसा सापडत नव्हता, आयांच्या तोंडी सापडत नव्हता. तो सापडे करारांत. लहान सरदार मोठ्या सरदाराला लिहून देई: मी तुमच्याशी इमानी, खरा आणि एफॉल्ड राहीन. खाली मोहर. आणि इतिहास उघडून पाहावं तर वर्ष-दोन वर्षांत तोच सरदार त्याच धन्याच्या शत्रूकडे जेवायला बसलेला. तिनं चिठ्ठ्या मांडून दाखवल्या तेव्हा निनियन म्हणाला, "अहो, विश्वास असता तर कागद कशाला केला असता?" तिनं विचारलं, हे अर्थात घालूया का? "नको. कोशात अर्थ द्यायचा असतो, टोमणा नाही." तरी तेव्हापासून तो शब्द दोघांची गंमत झाला. काही ठरलं की तो दारात थांबून विचारी, "एफॉल्ड?" आणि ती मान वर न करता म्हणे, "एफॉल्ड." हातावर हात मारल्यासारखं. इतकी वर्षं. ती आता ट्रामचे रूळ उखडून टाकलेल्या रस्त्याकडेला उभी राहून मोजू पाहत होती की यातल्या कुठल्या वेळी तो आतून दुसरंच काही म्हणत असेल. पण कापड एकदा दुमडलेलं होतं म्हटल्यावर सगळीकडेच दुमडलेलं दिसायला लागतं. तिची तीसएक वर्षं अशी एका दुपारी मागे जाऊन मळकी झाली.

कोशाला पैसा कमी पडला तेव्हा विश्वस्तांची बैठक बसली. एक जागा कमी करायची होती. सकाळी निनियन तिच्या टेबलाशी आला. "तुम्ही काळजी करू नका. मी तुमच्या बाजूनं आहे." आणि मग, हळू, "एफॉल्ड." संध्याकाळी परतला तो चेहरा पाडून. "काय सांगू! माझं कुणी ऐकलंच नाही." तिनंच त्याची समजूत घातली. त्याला चहा करून दिला, आपल्या हातानं, आपली नोकरी गेल्याबद्दल! पुढे तिनं मुलींच्या शाळेत अर्धवेळ लॅटिन शिकवलं. संध्याकाळी आईला पेज भरवली. आणि दर नव्या वर्षाला ऑर्मिस्टनांच्या घरी जाऊन त्याच्या सुखासाठी पेला उचलला. मनात कुठे कडूपणा येऊ लागला तर ती तो विश्वस्तांवर टाकी. ते परके होते, त्यांच्यावर टाकायला सोपं होतं.

आणि मग, एल्मा मासेवाल्याकडे भेटली त्याच्या थोडे दिवस आधी, निनियनच्या अंत्यविधीनंतर, हॅम आणि शेरी घेऊन माणसं भिंतीशी उभी होती तेव्हा, क्रॉल नावाचे म्हातारे वकील तिच्याजवळ आले. एके काळचे विश्वस्त. गाल लाल झालेले, डोळ्यांत पाणी. "मिस कारफ्रे, निनियनसारखा माणूस होणे नाही. तुमच्याबद्दल किती आपुलकी त्याला! त्या बैठकीत आम्ही तर दुसऱ्याच एकाचं नाव काढलं होतं हो. पण हाच उठून म्हणाला, मिस कारफ्रेंनाच जायचंय, आईला सांभाळायचंय, पण त्या भिडस्त, स्वतः मागणार नाहीत. आपणच त्यांना मोकळं करू या. अशी कदर कोण करतो?" ग्रिझेल म्हणाली, "खरंय." हातातला सँडविचचा तुकडा तिनं नीट चावून गिळला. तेव्हा आईला शेजारची बाई बघत होती. आईनंच तिला बजावलं होतं, काही झालं तरी नोकरी सोडू नकोस. हे निनियनला ठाऊक होतं. त्यानं असं का केलं? बहुधा काहीच कारण नसावं. त्या दुसऱ्या माणसानं आरडाओरडा केला असता, हिनं चहा करून दिला असता. एवढंच. दुष्टपणा असता तर तिला परवडला असता. दुष्टपणात निदान समोरच्याकडे बघावं तरी लागतं.

रविवारी एल्मानं चांगल्या कपांतून चहा दिला, घरी केलेले शॉर्टब्रेड मांडले. निनियनची खुर्ची खिडकीशी हलवली होती आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं. एल्मा सारखी बोलत होती. ग्रॅनाइट घेतलाय, वाळूचा दगड काजळीनं काळा पडतो. वर नाव, खाली 'विद्वान' वगैरे काही नको, मुलींनाही नको. "एकच शब्द. त्याच्या स्वभावाचा. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात एक गोष्ट लपवली नाही त्यानं माझ्यापासून." मग पुढे वाकून तिनं ग्रिझेलच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझंही किती कौतुक करायचा! म्हणायचा, आईसाठी स्वतःहून जागा सोडली पोरीनं. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकेना. तुला सांगते, मला तर तेव्हा जरा हायसंच वाटलं होतं. आता काय, आता बोलायला हरकत नाही." आणि ती खुदकन हसली. ग्रिझेलनं त्या हाताकडे पाहिलं. या क्षणी सांगता आलं असतं. अगं एल्मा, हे खोटं आहे, तुलाही त्यानं खोटंच सांगितलं. तोंड उघडलंही होतं. पण एल्माचे डोळे इतके निवांत होते, आणि सांगितल्यावर काय होणार ते तिला आधीच दिसलं. एल्मा पाठ ताठ करील, म्हणेल, मेलेल्या माणसावर! आणि गावभर होईल की म्हातारी कुमारिका शेवटी बोललीच. तिनं तोंड मिटलं. "दे कागद," ती म्हणाली.

एल्मानं पेन्सिल दिली. ग्रिझेल मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहीत गेली, दगडावर काम करणाऱ्याला कळतील अशी. ए. ई. एफ. ए. यू. एल. तिथे हात थांबला. तिच्या डोक्यात त्या वेळी काही बेत नव्हता. बेत असता तर तिला तो कळला असता, कारण आयुष्यभर तिनं एकेक अक्षर उचलून उजेडात धरूनच पाहिलं होतं. डी लिहिला की घडी होते. टी लिहिला की? फॉल्ट. दोष, खोट. एक खोट. तिच्या बोटांनी टी काढला. वरची आडवी रेघ जरा जोरात ओढली गेली. कानांच्या पाळ्या तापल्या. शाळेत पट्टा उचललेला दिसला की असंच व्हायचं. एल्मानं कागद चष्म्याजवळ नेला. "टी? मला आपलं वाटलं डी असेल."

"जुनं रूप आहे," ग्रिझेल म्हणाली.

"नक्की ना गं?"

"नक्की."

"मग झालं! तू सांगितलंस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." एल्मानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, आणखी चहा घेणार का.

त्यानंतरचे दिवस ग्रिझेलला नीट आठवत नाहीत. जिन्याच्या पायऱ्या धुण्याची पाळी तिची होती, त्या तिनं धुतल्या. लॅटिनच्या वह्या तपासल्या. एकदा ती कोपऱ्यावरच्या लाल फोनच्या खोक्यात शिरली, दगडवाल्याचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला, "बोर्थविक. बोला." मागे छिन्नीचा टकटक आवाज येत होता. तिनं फोन ठेवला. बाहेर आल्यावर आपण हसतोय हे पाहून ती घाबरली. तिच्यात एक ऊब आली होती. रात्री झोप लागत होती. रस्त्यानं जाताना ती शब्द उलटसुलट करून पाही आणि प्रत्येक वेळी तो बरोबर निघे. एक खोट. काय अचूक मृत्युलेख! कोशात टोमणा चालत नसेल, दगडावर चालतो. पण पहाटेच्या ग्लानीत कधी तीच खोली दिसे, तीच शेगडी. तिच्या चिठ्ठ्यांवर कुणीतरी बसून शेवटची अक्षरं बदलतंय. ओरडावं म्हणून ती जवळ जाई, तोच तो माणूस मान वर करी. ते तिचंच तोंड असे.

दगड बसवला त्या दिवशी वारा होता. पंधरा-वीस माणसं जमली. कोट धरून, डोक्यावरच्या टोप्या दाबून. ग्रिझेल मागे उभी होती. कापड काढलं आणि तिला तो शब्द दिसला. खोल कोरलेला, काळ्या रंगानं भरलेला. टीची आडवी रेघ अगदी तिनं काढली होती तशी, जरा लांब. आता कुणीतरी म्हणेल. कुणीतरी पुढे वाकेल, मागे वळेल, शोधत शोधत तिच्यापाशी येईल. पाद्रीबाबांनी तो शब्द मोठ्यानं वाचला आणि शेवटचं अक्षर वाऱ्यात गेलं. "म्हणजे काय हो?" एका जावयानं विचारलं. "म्हणजे निष्कपट," एल्मा म्हणाली. "जुन्या भाषेत." "वा! छान शब्द आहे." "आपल्याच भाषेतला, बघा. आपल्याला माहीतसुद्धा नसतो." क्रॉल वकिलांनी डोळे पुसले. माणसं एकेक करून दगडाला हात लावून गेली. सगळ्यांनी तो शब्द वाचला आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ निष्कपट असाच वाचला. ग्रिझेल शेवटी एकटी पुढे गेली. या शहरात ही शिवी वाचू शकेल असं माणूस एकच होतं, आणि त्याच्या छातीवर ती उभी केली होती. त्याच्याशिवाय ती कुणाला दाखवायची? तिला एकाएकी निनियनची इतकी आठवण आली की तिनं दगडाचा काठ धरला. तो असता तर चष्मा काढून हसला असता. म्हणाला असता, शाब्बास, मिस कारफ्रे. त्या हसण्याची आपल्याला अजून भूक आहे हे कळलं तेव्हा तिला दगडापेक्षा स्वतःची किळस आली.

त्या वसंतात कोशाच्या कचेरीतून कीथ डनेटचा फोन आला. निनियनच्या जागेवर आलेला, केसाळ, उत्साही माणूस. कॉर्डुरॉयचा कोट घालणारा. एकदा येऊन जाल का म्हणाला. कचेरी आता वरच्या मजल्यावर होती, गरम नळ्यांची, उजेडाची. त्यानं तिला बसवलं आणि टेबलावर एक फोटो सरकवला. दगडाचा. "मिस कारफ्रे, मी दिवसभर नाचतोय! एवढी वर्षं आपण समजत होतो, हा शब्द संपला. आणि लोकांच्या तोंडी तो आहे हो! शिवाय शेवटी टी! डीचा टी झालाय, बोलण्यात होतो तसा. कुठंच नोंद नाही याची. पुरवणीत घेतोय. मिसेस ऑर्मिस्टन म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक आहे हे रूप. फक्त ते ऐकलंत कुठे, एवढं सांगा. फाईफकडच्या खेड्यांत का? तुमच्या आईकडून?"

ग्रिझेलनं फोटो हातात घेतला. घरी निघायच्या आधी तिला वाटलं होतं, आता शेवटी कुणीतरी पकडलं. अंघोळ करून, धुतलेला ब्लाउज घालून ती पकडली जायला आली होती. आणि हा मांडीवर मूल घेतल्यासारखा बसला होता. खोटा शब्द एकदा कोशात शिरला की निघत नाही, हे तिनंच या कचेरीतल्या नव्या पोरांना शिकवलं होतं. दुसरा कोश पहिल्याचं उचलतो, तिसरा दुसऱ्याचं. आईचं नाव घेतलं म्हणून तिला उठून जावंसं वाटलं. पण ती बसली.

"हे रूप नाही," ती म्हणाली. "अशी चूकसुद्धा कुणी केलेली नाही. मी खोटं दिलंय."

"म्हणजे?"

"मुद्दाम. त्या बाईनं मला स्पेलिंग विचारलं आणि मी शेवटचं अक्षर बदललं. वाचा ना नीट. एक खोट. मला तसंच म्हणायचं होतं त्याच्याबद्दल."

कीथ डनेट तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, पोचलं. तिचे खांदे खाली आले. आत कितीतरी काळ आवळून धरलेलं काही सुटायला लागलं. आणि मग त्याच्या दाढीत हसू पसरत गेलं. तो खुर्चीत मागे रेलून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाप रे! एक क्षण मी खरंच धरलं हो! तुम्ही! अहो, तुम्ही विचारणाऱ्याला खोटं स्पेलिंग द्याल? स्वल्पविराम हलला तर तुम्हाला ताप यायचा म्हणतात."

"मी चेष्टा करत नाहीये, मि. डनेट."

"तेच तर! चेहरा तरी बघा!"

"तुम्ही हे छापू नका. हे खोटं आहे."

"दगडावर कोरलंय, मिस कारफ्रे," तो डोळे पुसत प्रेमानं म्हणाला. "पुरावा म्हणून दगड धरायचा का तुमचा शब्द? तुम्हीच इथल्यांना शिकवलंत ना, लिहिलेलं धरायचं, सांगितलेलं नाही." मग त्याला आणखी राहवेना. तो उठला, मधलं दार उघडून पलीकडच्या खोलीत डोकावला, आणि तिचं बोलणं जसंच्या तसं, तिच्या आवाजाची नक्कल करत, सगळ्यांना सांगितलं. पलीकडे हशा उठला. कुणीतरी तो आणखी पुढच्या खोलीत नेला. तिथेही हसले. ग्रिझेल हातमोजे हातात धरून बसून होती आणि ते हसू एकेक दार उघडत तिच्यापासून लांब जात होतं. त्यात कुठे कुचेष्टा नव्हती. सगळ्यांना ती मनापासून आवडत होती.